पूजाच्या सहीखालची ओळ

माळतळे, ता. खटाव
११ फेब्रुवारी २०२४

पूजाबाळ,

फोन उचलत न्हाईस म्हणून कागद घेतला. सातवीपतोर शिकले हाय, तवा अक्षराला हसू नगंस. शेजारणी म्हणत्यात, मोबाइलवर बोलून पाठवा, जातंय आपोआप. पर बोलाय लागले की भलतंच बोलते आन् सांगायचं ते ऱ्हातंय. कागदाचं बरं हाय, खोडून पुन्ना लिवता येतंय.

हिकडं समदं बरं हाय. दोन म्हशी व्याल्या. तुज्या शिवतेजची मिल्ट्रीतली पोस्टिंग अजून वर बर्फातच हाय. रविवारी फोन करतोय, मी बोलते, त्यो हूं हूं म्हणतोय, झालं. तुजं नाव आमी मायलेकं दोगंबी घेत न्हाई. परवा तुज्या साड्यांची ट्रंक उन्हाला लावली, डांबरगोळ्या घालून पुन्ना जाग्यावर ठिवली. हिरवी काठाची साडी तू नेलीच न्हाईस. पलूसला माहेरी लग्नाकार्याला काय नेसतीस कुणाला ठावं.

औंदा पाऊस झालाच न्हाई. तळं पार खाली गेलंय, गावाला टँकर चालू झालाय. तू दळण घेऊन येताना तळ्यावरनं वाकडी वाट करून यायचीस, पाण्यात पाय सोडून बसायचीस, आन् मी दारातनं वरडायचे. आता उशीर करणारं घरात कुणी न्हाई. वरडायची मातुर सवय गेली न्हाई, मांजरावर वरडते.

बरं, आता मुद्द्याचं. लोकं अजून बोलत्यात. मागल्या चैतात, जत्रंच्या तोंडाला, पंचायतीनं पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं, त्यात तू. तळ्याकाठच्या पिण्याच्या विहिरीचं, म्हंजी तळ्यातनंच पाझरलेलं, पाणी तू त्या बारक्या बाटलीत भरलंस. आपल्या घरात ठिवलीस. दीड दिवसात पाणी काळं झालं तर वाईट, न्हाई झालं तर चांगलं, आसं तूच मला समजावलं व्हतंस. काळं झालं न्हाई. तू वहीत लिवलंस, पाणी पिण्यास योग्य, आन् खाली सही केलीस. मंग जत्रा झाली, म्हैन्याभरात निम्मं गाव काविळीनं पिवळं झालं. तुला झाली ती सातव्या म्हैन्यात, आन् आपलं बाळ गेलं. एवढं व्हऊन बी लोकं ती वही दाखवून म्हणत्यात, लिवणारी हीच की.

मी कुणाचं ऐकून घेत न्हाई. सांगते, माजी सून हाय ती, कामाला नवी व्हती, चूक कुणाकडनंबी व्हती. तू बी मनाला लावून घेऊ नगंस. मी तुला कवाच माफ केलंय.

तुजी आत्ती

—

माळतळे
३ मार्च २०२४

पूजा,

तुजं पत्र आलं. नऊ म्हैन्यांनी तुजं अक्षर बगितलं, म्हणून आदी नुसतं बगतच बसले. मंग वाचलं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठले न्हाई.

तू लिवलंयस ते मला आता पाठ झालंय. ‘आत्ती, माफ केलंत, आभार. पण मला अजून कळत नाही. हात धुऊन, सील फोडून, खुणेपर्यंत मीच भरली होती बाटली. त्या पाण्याला शेणाचा वास येत होता. तरी ती काळी झाली नाही. माझं नेमकं काय चुकलं ते मी रोज आठवते. मी नीट केलं असतं तर बाळ असतं.’

आगं, तुजं काय चुकलं नसंल. बाटल्याच खराब आसतील, फुकट वाटलेल्या. तू बारावी सायन्सची, तू चुकणार कशाला. रोज रोज आठवत बसू नगंस बाई. जेवत जा येळंवर.

तुजं पत्र पदरात बांधून मी तळ्यावर गेले. लय दिसांनी गेले. तू असताना भरलेलं व्हतं, त्यामुळं आत काय हाय ते कुणाला दिसत नव्हतं. आता बूड उघडं पडलंय. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, खतांच्या पिशव्या, रंग न गेलेले गणपतीचे हात, कुणाच्या तरी रक्षेची मडकी. आन् आपल्या गोठ्यापास्नं विहिरीकडं गेलेला हिरवाकाळा पट्टा. बारा वर्सं आपल्या म्हशींचं शेणमूत, आन् गोठ्यामागच्या संडासाचं पाणी बी, त्या वाटंनं जातंय. तू लग्न झाल्यावर दुसऱ्याच म्हैन्यात म्हणली व्हतीस, आत्ती, आपण खड्डा काढू, तिकडं सोडाय नगं. मी म्हणले, तळं काय आपल्या एकटीचं हाय व्हय.

तितं बौद्धवस्तीतली स्वप्ना भेटली. तुज्याबरोबर शिकायला व्हती ती, आशाताईचं काम करती. ती अजून दर म्हैन्याला बाटली भरती. तिला तेच म्हणले, तळं काय एकाचं हाय का, सुधारायचं कुणी. ती म्हणली, “आवं काकी, घाण टाकताना मातुर परत्येकाला आपल्या एकट्याचं वाटतंय.” मला राग आला.

स्वप्नानं इचारलं, पूजा कशी हाय. म्हणले बरी हाय. तिनं बाटलीवर तारीख लिवली आन् वाटंला लागली.

अजून लिवायचं व्हतं. धारंची येळ झाली.

आत्ती

—

माळतळे
२६ एप्रिल २०२४

पूजा,

हे पत्र चार येळा लिवून फाडलं. ह्या बारीला फाडायच्या आदी पोस्टात टाकणार हाय.

परवा जत्रा झाली. तळ्यात पाणी न्हाई, म्हणून देवीचं न्हाण टँकरच्या पाण्यानं झालं. तुला ठावं हाय, पालखीतला मुखवटा पाण्यात न्हाऊन निघाला की त्या पाण्याची पयली ओंजळ आपल्या घरच्या सुनेनं प्यायची, मंग गावानं. आपल्या घराचा मान. औंदा सून न्हाई म्हणून भावजींनी मला फुडं केलं. मी ओंजळ धरून उभी ऱ्हायले. पाणी बोटांतनं गळून गेलं तरी तोंडाला लावता आलं न्हाई. लोकं म्हणली, सुलाबाईला नातवाची आठवण आली. व्हय, आली. पर निस्ती आठवण नव्हती ती.

पूजा, बाटली काळी झाली व्हती. तू बरोबर भरली व्हतीस. ती मी बदलली.

तू बांगड्या भराय गेली व्हतीस. मी फडताळात मिठाची बरणी बगाय गेले आन् मागं ती बाटली दिसली, काजळासारखी काळी. मला समजलं काय झालंय. हे बी समजलं की इचार सुरू झाला की लोकं पट्टा धरून सरळ आपल्या गोठ्यावर येणार. दोन दिवस आदीच दादासो भावजी वसरीवर बसून बोलले व्हते, “वयनी, पाणी वाईट निगालं तर न्हाण बंद, ओंजळ बंद. सरपंच मी, मान आपला, आन् गोठा बी आपलाच. तोंड कुठं दाखवायचं?” त्यांनी मला बदल म्हणून सांगितलं न्हाई. ते मी माज्या बुद्धीनं केलं. तुज्या पिशवीतनं कोरी बाटली घेतली, पावण्यांसाठी आणलेल्या जारातलं पाणी भरलं, जुनी मोरीत वतली. तू आलीस, बगितलंस, आन् केवढी हरकलीस. म्हणलीस, आत्ती, आपलं तळं बरं हाय गं. मी म्हणले, मंग, सांगत नव्हते का तुला.

आता त्याच्या फुडचं. हे मी देवीला बी सांगितलेलं न्हाई.

न्हाणाच्या दिवशी तू हिरवी काठाची साडी नेसली व्हतीस, पोट दिसाय लागलं व्हतं. तू वाकलीस तवा तोल जाऊ ने म्हणून तुजा दंड मी धरला व्हता. पाणी काळं निगालंय ते त्या अख्ख्या गर्दीत मला एकटीला ठावं व्हतं. मला वाटलं, देवीच्या अंगावरनं आलेलं पाणी, ते कसं बाधंल. खरंच तसं वाटलं. आन् तसं वाटून घेणं मला सोयीचं व्हतं, हे बी खरं. तू ओंजळ पेलीस. तुज्या मागनं समद्या गावानं पेली.

काळी झाल्याचं तू वहीत लिवलं असतंस तर पाणी सोडणाऱ्या राजारामनं टाकीत पावडर टाकली असती, लोकांनी चार दिवस उकळून पेलं असतं, न्हाण झालं नसतं. एवढंच झालं असतं. माजा मान गेला असता. त्या मानाला मी आता काय करू, सांग.

दवाखान्यात डॉक्टरीण म्हणली, पाण्यातनं झालंय. तवा तू माज्याकडं बगून म्हणलीस, “आत्ती, माझ्यामुळं झालं.” मी तुज्या डोक्यावरनं हात फिरवला आन् गप बसले. वरीसभर गप बसले. आन् वर तुला माफ बी केलं.

तू माज्या पोटची न्हाईस, पर तू गेल्यापास्नं घरात माणूस न्हाई, आवाज न्हाई. मी तुजी वाट बगायचा हक्क घालवलाय ते मला कळतंय. तरी बगते. तेवढं मला सोडता येत न्हाई.

सुलाबाई

—

माळतळे
२ मे २०२४

पूजा,

काल महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा झाली. झेंडावंदन झाल्यावर इषय संपत आले, तवा मी उभी ऱ्हायले. आयुष्यात पयल्यांदा मी सभंत बोलले, आन् बोलले ती ही गोष्ट.

निम्म्यातच भावजी म्हणले, “वयनी, बसा खाली. घरातलं घरात बघू.”

म्हणले, “भावजी, घरातलं घरात ठिवलं म्हणूनच गावाच्या पोटात गेलं.”

मंग अर्जुना उठला. त्याची पोरगी पंधरा दिवस दवाखान्यात व्हती, तुला आठवत आसंल. त्यो वरडला असता तर बरं झालं असतं. त्यो हळूच म्हणला, “काकी, आमी वरीसभर पूजावयनीला शिव्या दिल्या. माजी बायकू त्यांना तोंडावर बोलली. ते आता कसं माघारी घ्यायचं?” तुला ठावं असलं तर मला बी सांग.

मी ग्रामसेवकाला म्हणले, वही काढ. त्यो म्हणला, जुन्या नोंदीत काय लिवता येत न्हाई. म्हणले, तू लिवू नगंस, पेन दे. तुज्या सहीखाली मोकळी जागा व्हती. तितं लिवलं, ‘ही चाचणी बरोबर केली होती. बाटली काळी झाली होती. ती सासू सुलाबाई हिनं बदलली. सुनेचा दोष नाही.’ माजी सही केली. आपणहून साक्षीदार म्हणून स्वप्ना फुडं आली. सही केली आन् पेन माज्या हातात न देता टेबलावर ठिवला.

त्या पानाची झेरॉक्स संगं पाठवली हाय. मागल्या बाजूला अर्जुनाच्या बायकूनं दोन ओळी लिवल्यात, त्या मी वाचलेल्या न्हाईत.

शिवतेजला बी समदं लिवून पाठवलंय. फोनवर सांगायचं माजं काळीज झालं न्हाई.

आता डेरीला गेले की माज्या बाजूला कुणी उभं ऱ्हात न्हाई. ठीक हाय. तू जाईपतोर तसंच काढलंस.

सुलाबाई

—

माळतळे
२५ जुलै २०२४

पूजा,

तुजं काय उत्तर न्हाई. येऊ ने, ते बी बरोबर. मी लिवते, तुला वाटलं तर वाच.

गोठा माळावर हलवला. संडासाला शोषखड्डा मारला, शेणाला खड्डा केलाय, तू सांगितला व्हता तसाच, विहिरीपास्नं लांब, उताराच्या पल्याड. आटलेल्या तळ्यातनं बायकांनी घाण काढली. पयल्या दिवशी मी, स्वप्ना आन् तिची सासू, तिघीच. चवथ्या दिवशी अर्जुना ट्रॅक्टर घेऊन आला. माज्याशी न बोलता भरून नेली घाण. औंदा पाऊस वेळंवर आला, तळं अर्ध्याच्या वर गेलंय.

मंग आला बेंदूर. तुला ठावं हाय, त्या दिवशी बैलं तळ्यात धुयाची, आन् हल्ली बैलं कमी म्हणून ट्रॅक्टर बी. डिझेल, ऑइल समदं पाण्यात. मी सकाळपास्नं काठी घेऊन बांधावर बसले. भावकीतला आप्पासो आला, ट्रॅक्टरला फुगे बांधून. म्हणला, “वयनी, सण हाय, बाजूला सरा.”

म्हणले, “सण बैलाचा हाय रं. तुज्या ट्रॅक्टरला शिंगं कुठं हायत?” 

मागनं बायका हसल्या. त्याला झोंबलं. म्हणला, “तळ्याचं तुमी आमाला शिकवायचं व्हय? तुमी?”

म्हणले, “व्हय, मीच. ह्या गावात पाण्याचं माज्याएवढं वाईट कुणी केलेलं न्हाई. त्याचं काय व्हतं ते मला इचार. तुज्या घरात बी सून हाय.”

त्यो उगंच इंजिन चालू ठिवून उभा ऱ्हायला. मंग मागं घेतला. बैलांना लोकांनी बांधावर आणून बादल्यांनी धुतलं, बैलांना काय फरक पडला न्हाई. दोघं-तिघं मातुर पल्याडच्या बाजूनं गुपचूप ट्रॅक्टर घालून गेलेच. समदी एकदम सुधारत न्हाईत. मी बी कुठं सुधारले व्हते.

फुडच्या वर्सी न्हाण देवळाच्या पायरीवर करायचं ठरलंय, घागरीच्या पाण्यानं. ओंजळ बंद. भावजींनी आडवं लावलं, पर बायकांनी हात वर केले. आपल्या घराचा मान गेला. मला वाटलं व्हतं, लय लागंल. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी भूक लागली.

दुपारी बांधावर बसते तवा तुजी आठवण येती. तू बसायचीस त्या दगडाजवळ आता बगळे येत्यात. तुला हे दाखवावं आसं रोज वाटतं. मंग आठवतं, तुला तळं मी काय दाखवणार, तूच मला दाखवत व्हतीस.

सहा रविवार शिवतेजचा फोन आला न्हाई. सातव्याला आला. म्हणला, रजा मंजूर झाली, मिरजेचं तिकीट काढलंय. गाडी साताऱ्यावरनंच जाती, माळतळ्याला यायचं तर तितंच उतरावं लागतंय. मी इचारलं न्हाई, उतरणार का. त्यो बी बोलला न्हाई. फोन ठिवताना एवढंच म्हणला, “आई, मी वर्षभर तिला फोनवर विचारत होतो, तू नीट बघितलं होतंस ना?”

माज्या खोट्यामुळं त्यानं तुला हे इचारलं. त्याच्यावर राग धरू नगंस. त्यो तुज्याकडं येतोय, त्याला ठिवून घे. माज्याकडं जा म्हणून त्याला सांगू नगंस.

सुलाबाई

—

माळतळे
२२ ऑगस्ट २०२४

पूजा,

तुजं कार्ड आज दुपारी मिळालं. तीन ओळी. ‘रविवारी आम्ही दोघं येतो. संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ. प्यायचं पाणी आमचं आम्ही आणू.’

मी पोस्टमनला दोनदा वाचायला लावलं, त्यो म्हणला, काकी तुमाला वाचता येतंय की. येतंय. पर दुसऱ्याच्या तोंडनं ऐकायचं व्हतं.

स्वप्नानं ह्या म्हैन्यात नळाच्या पाण्याची बाटली भरली व्हती. तीन दिवस झाले, काळी झालेली न्हाई. हे मी सांगते म्हणून खरं मानू नगंस. माज्या तोंडनं पाणी चांगलं हाय हे ऐकून तू कशाला इस्वास ठिवशील. तू आलीस की तुला वाटलं तर स्वप्नाकडं जा, तिच्याकडं कोऱ्या बाटल्या हायत, तुजी तू भर. मी त्या खोलीत बी येणार न्हाई.

आणा तुमी तुमचं पाणी. मला वाईट वाटलं व्हय, वाटलं. खोटं कशाला लिवू. पर तू येतीयास, त्याच्याफुडं ते काय न्हाई. संध्याकाळी जाणार तर जा. मी थांबा म्हणणार न्हाई. स्वयपाक करून ठिवला तर चालंल का, का जेवण बी आणणार हायसा, ते काय कार्डात न्हाई. नसंल जेवायचं तर नुसतं बसा. नुसतं उंबऱ्यात उभं ऱ्हायलीस तरी चालंल.

एकच अडचण हाय, ती तेवढी सांग. लग्न झाल्यापास्नं चाळीस वर्सं ह्या दारात जो आला त्याच्या फुडं मी पयला पाण्याचा तांब्या धरला. दुसरं मला काय येत न्हाई. तुमी दोगं दारात आलासा की मी हातात काय धरून उभी ऱ्हाऊ?

सुलाबाई